चार मिनिटांचा फरक: कोकणातल्या घरात अज्ञात कणांसाठी म्यूऑन दुर्बीण कशी बांधावी

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात विचारा, भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते हे सांगायला कुणाला पंचांग उघडावं लागत नाही. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, सूर्याचा बरोबर २४ तासांचा. तिसरं घड्याळ ताऱ्यांचं. त्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा, म्हणून आज रात्री आठला उगवलेला तारा उद्या आठला चार मिनिटं कमी असतानाच उगवतो. या लेखातलं यंत्र चार-पाच महिन्यांत बांधून आणि तपासून होईल. खरं काम आहे ते या तीन घड्याळांना एकमेकांपासून वेगळं करण्याचं.

वेगळं का करायचं? नवा कण किंवा नवं बल आपल्या आकाशगंगेतून येत असेल, तर त्याची खूण ताऱ्यांच्या घड्याळाने वर-खाली होईल. घरातला पंप, दुपारची उष्णता, संध्याकाळचा व्होल्टेजचा चढउतार हे सगळं सूर्याच्या घड्याळाने चालतं. कार्ल जान्स्की या अमेरिकी रेडिओ अभियंत्याला १९३२ साली रेडिओत एक अखंड खरखर ऐकू येत होती. आधी ती सूर्यामागोमाग फिरते असं वाटलं, पण महिनोन् महिने नोंदी ठेवल्यावर ती रोज चार मिनिटं पुढे सरकते हे दिसलं, आणि आकाशगंगेच्या मध्यातून येणारे रेडिओतरंग सापडले. उलटं उदाहरण १९८५ चं. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-३ च्या दिशेने जमिनीखालच्या दोन यंत्रांत जास्त म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण बरेच जड कण) येतात, तेही त्या ताऱ्याच्या ४.८ तासांच्या आवर्तनाने, असा दावा झाला. ज्ञात कणांनी ते समजावता येत नव्हतं, म्हणून 'सिग्नेट' नावाचा नवा कण सुचवला गेला. इतर मोठ्या यंत्रांना मात्र ते म्यूऑन दिसले नाहीत. आपण बांधणार आहोत ते यंत्र याच जातीचं, फार लहान. ते नवा कण शोधेल ही शक्यता अगदी कमी आहे. पण 'इतक्या टक्क्यांपेक्षा मोठा परिणाम नाही' असं ते ठामपणे सांगू शकतं, आणि भौतिकशास्त्रातल्या बहुतेक शोधमोहिमांचं खरं उत्पन्न असंच असतं.

यंत्राची कल्पना

अंतराळातून येणारे प्रोटॉन वातावरणात वर आदळतात आणि त्यातून निघालेले म्यूऑन खाली येतात. समुद्रसपाटीला तळहातभर आडव्या जागेतून सेकंदाला एक-दोन म्यूऑन जातात. कण किंवा किरण आत शिरला की विजेचा ठोका देणारी वायूची नळी म्हणजे गायगर नळी. एका गायगर नळीने म्यूऑनना वेगळं काढता येत नाही, कारण भिंतीतल्या, मातीतल्या गॅमा किरणांनीही नळी वाजते. म्हणून दोन नळ्या एकावर एक ठेवायच्या. दोन्ही एकाच वेळी वाजल्या तरच मोजायचं. गॅमा किरण सहसा एकाच नळीत काम करतो, म्यूऑन मात्र दोन्ही नळ्या, त्यांच्यामधलं लोखंड आणि खालचं टेबल भेदून जमिनीत शिरतो. अशा एकत्र वाजण्याला इथे 'जोडी' म्हणू.

एसबीएम-२० ही रशियन बनावटीची पोलादी नळी सोपी पडते. लांबी सुमारे १०८ मिलीमीटर, व्यास १० मिलीमीटर, चालण्याचा विद्युतदाब ४०० व्होल्ट. ऑनलाइन मिळते, आणि जुना माल असल्याने दोनऐवजी चार मागवा, एखादी खराब निघते. बाकी सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत जमतं: ४०० व्होल्टचं उच्चदाब मॉड्यूल, ५.१ मेगओहमचे रोधक, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ७४एचसी१४ एक, ७४एचसी१२३ दोन, ७४एचसी०८ एक, आर्डुइनो नॅनो (मोजणी करणारा छोटा संगणक), डीएस३२३१ घड्याळ, एसडी कार्डचं मॉड्यूल, हवेच्या दाबासाठी बीएमई२८० दाबमापक, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी. १० मिलीमीटर जाडीची, १५ बाय ५ सेंटीमीटरची एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट गावातल्या ग्रिलवाल्याकडच्या तुकड्यांत सापडेल.

नळ्यांच्या मध्यांमधलं अंतर ५ सेंटीमीटर ठेवा, प्लेट मधोमध. प्लेट कशासाठी? गॅमा किरणाने एका नळीच्या भिंतीतून उडवलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या नळीत शिरला तर खोटी जोडी होते. १० मिलीमीटर लोखंड अशा इलेक्ट्रॉनांना अडवतं, म्यूऑनला ते जाणवतही नाही. या मांडणीत जोड्यांचा वेग मिनिटाला एकच्या आसपास, थोडा कमीच, पडतो. तुमचा मिनिटाला पाच निघाला तर आनंद मानू नका, कुठेतरी गळती आहे.

जोडणी

उच्चदाबाच्या धन टोकापासून ५.१ मेगओहम, तिथून नळीचा अ‍ॅनोड. हा रोधक नळीच्या टोकाला अगदी चिकटून हवा. मध्ये दहा सेंटीमीटर वायर आली तर तिची धारकता नळीवर पडते, प्रत्येक ठोक्याला नळीतून जास्त विद्युत जाते आणि तिचं आयुष्य घटतं. नळीच्या टोपीला कधीही थेट डाग देऊ नका, आतली सील तडकते. काचेच्या फ्यूजला असतात तसल्या स्प्रिंगच्या क्लिपा वापरा.

कॅथोडपासून ग्राउंडला १०० किलोओहम, आणि त्याच बिंदूपासून १० किलोओहममधून बीसी५४७ च्या बेसला. कलेक्टर १० किलोओहमने ५ व्होल्टला बांधा. नळी वाजली की कलेक्टर खाली येतो, ७४एचसी१४ त्याला उलटवतो, आणि ७४एचसी१२३ त्यातून ठरावीक रुंदीचा ठोका काढतो (या चिपमध्ये असे दोन भाग असतात, म्हणजे दोन चिपांत चार). २२ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घातले की ही रुंदी सुमारे १० मायक्रोसेकंद येते. दोन नळ्यांचे दोन ठोके ७४एचसी०८ मध्ये गेले, की दोन्ही एकाच वेळी असतील तरच बाहेर येते ती जोडी. ही जोडी कधीकधी फार अरुंद असते आणि आर्डुइनोकडून निसटते, म्हणून उरलेल्या एका १२३ ने ती १०० मायक्रोसेकंदांपर्यंत ताणून मग इंटरप्टच्या (ठोका येताच दखल घेणाऱ्या) पिनला द्या.

रुंदी १०च मायक्रोसेकंद का, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन नळ्या योगायोगाने एकाच खिडकीत वाजण्याचा वेग म्हणजे दोन नळ्यांच्या वेगांचा गुणाकार, गुणिले रुंदीच्या दुप्पट. प्रत्येक नळी मिनिटाला २० वेळा वाजते असं धरा. रुंदी १०० मायक्रोसेकंद असेल तर दिवसाला जवळजवळ दोन फसव्या जोड्या येतात. खऱ्या जोड्या हजार-चौदाशे, म्हणून दोनचं काय, असं वाटेल. पण ही संख्या वेगाच्या वर्गाने वाढते. पावसात नळ्यांचा वेग दुप्पट झाला की फसव्या जोड्या चौपट होतात, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या घरात जातात, आणि आपल्याला शोधायचा परिणाम तेवढाच लहान आहे. १० मायक्रोसेकंदांवर हा धोका दहापट घटतो. त्याच्याही खाली जाऊ नका. गायगर नळीला ठोका उमटवायला दोन-चार मायक्रोसेकंद इकडे-तिकडे लागतात आणि खऱ्या जोड्याच तुटायला लागतात.

आता दुसऱ्या चिपवरचा शेवटचा १२३ उरला. त्यावर मुका चॅनेल बांधा. हे या यंत्रातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अंग. नळीच्या जागी ४-५ पिकोफॅरडचा धारक (कपॅसिटर) लावा, बाकी रोधक, वायरची लांबी, ट्रान्झिस्टर सगळं हुबेहूब तसंच. त्याची रुंदी १ मिलिसेकंद ठेवा: २२० किलोओहम, १० नॅनोफॅरड. यात म्यूऑन काहीच करू शकत नाही. विहिरीचा पंप सुरू झाला, ट्यूबलाइट फडफडली, इन्व्हर्टर बदलला, की तो विजेचा झटका दोन्ही नळ्यांच्या वायरींत एकदम शिरतो आणि अस्सल जोडीसारखा दिसतो. त्याच झटक्याला मुका चॅनेलही बोलतो. जोडीच्या क्षणी मुका चॅनेल वर असेल तर ती जोडी वेगळ्या रकान्यात टाका. पुसून टाकू नका, मोजून ठेवा. सकाळी सातला तो रकाना रोज भरत असेल तर पंपाची वेळ तपासा.

४०० व्होल्टला विद्युतधारा अगदी कमी असली तरी मॉड्यूलवरचा धारक बंद केल्यावरही भरलेला राहतो. हात लावण्याआधी १ मेगओहमच्या रोधकाने तो रिकामा करा.

विद्युतदाब मोजताना होणारी चूक

साधा मल्टिमीटर उच्चदाबाला लावला की तो स्वतःच १० मेगओहमचा भार टाकतो आणि ४०० चे २८० दाखवतो. मग माणूस स्क्रू फिरवून ४०० आणतो, मीटर काढतो, आणि नळीवर प्रत्यक्ष साडेपाचशे व्होल्ट जातात. नळी सतत वाजत राहते आणि दोन दिवसांत मरते. १०० मेगओहमचे दहा रोधक एकापुढे एक जोडून त्यांच्या पलीकडे मीटर लावा. अंदाजे शंभरावा भाग दिसेल, ४०० ला ४ व्होल्टच्या किंचित खाली.

मग पठार काढा. ३५० पासून ४७५ पर्यंत २५-२५ व्होल्टने चढत प्रत्येक ठिकाणी अर्धा तास मोजा. वेग आधी भरभर वाढेल, मग जवळजवळ सपाट होईल. त्या सपाट भागाच्या मध्यावर दाब बसवा. दोन नळ्यांचं पठार जुळत नसेल तर चारांतल्या दुसऱ्या दोन नळ्या निवडा, जुळवून घेण्याचा हट्ट करू नका.

खारा वारा आणि दमट हवा

मुंबईच्या दुकानातून आणलेलं किंवा इंटरनेटवरच्या आकृतीतून उतरवलेलं सर्किट कोकणात मान टाकतं ते बहुधा इथे. ५.१ मेगओहमच्या रोधकाच्या अंगावर मिठाचा आणि फ्लक्सचा पातळ थर बसला, हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली, की त्या थरातूनच विद्युत गळायला लागते. नळीवरचा दाब उतरतो, नळी पठारावरून घसरते, मोजणी कमी होते. जूनमध्ये कमी, डिसेंबरमध्ये जास्त. म्हणजे वार्षिक लाट तयार, आणि अंतराळाशी तिचा काडीचा संबंध नाही.

उपाय क्रमाने करायचे असतात. डाग देऊन झाल्यावर सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने घासा. चिकट फ्लक्स बोटाला लागेनासा होईपर्यंत घासा. दिवसभर उन्हात नव्हे, बंद डब्यात सिलिका जेलबरोबर वाळवा. मग उच्चदाबाच्या भागावर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (दमटपणा अडवणाऱ्या लाखेसारख्या लेपाचे) दोन हात. भेगा सिलिकॉनने बुजवणार असाल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, महिन्याभरात पट्टीवर हिरवट पूड दिसते. सगळं यंत्र रबरी कडेच्या घट्ट डब्यात, आत रंग बदलणारं सिलिका जेल २०० ग्रॅम. रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं. वायरी केबल ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) बाहेर काढा, नाहीतर वायरीच्या भोकातून मुंग्या आत जातात.

एक गोष्ट डब्याबाहेर ठेवायची: दाबमापक. घट्ट डब्यातली हवा तापली की आतला दाब वाढतो आणि बाहेरच्या दाबाशी त्याचं नातं तुटतं. बीएमई२८० पावसाची झड न येणाऱ्या जागी, जाळीच्या डबीत, डब्याबाहेर लावा. आतल्या आर्द्रतेसाठी दुसरा घ्यावा लागला तरी चालेल. आतला आकडा ४० टक्क्यांच्या वर गेला की जेल बदला.

हे खरंच म्यूऑन आहेत का

पहिली चाचणी कृषी सेवा केंद्रात मिळते. आंब्याच्या कलमांना घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश एक किलो आणा. त्यातलं पोटॅशियम-४० किलोला सेकंदाला सुमारे १५ हजार वेळा विघटन पावतं, आणि खत म्हणून ते सगळीकडे हाताळलं जातं. त्याची पातळ पिशवी वरच्या नळीशेजारी ठेवा. एकट्या नळीचा वेग ठळक वाढायला हवा, जोड्यांचा वेग जागचा हलता कामा नये. जोड्याही वाढल्या तर लोखंडाची प्लेट नीट मध्ये नाही, किंवा दोन चॅनेलांच्या वायरी एकमेकींत बोलताहेत.

दुसरी चाचणी कलण्याची. नळ्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा आणि यंत्र त्या अक्षाभोवतीच कलवा, म्हणजे दृष्टी अरुंद बाजूने फिरेल. सरळ वरच्या तुलनेत ३० अंशांना पाऊणपट, ४५ ला निम्मा, ६० ला पाव वेग यायला हवा, कारण म्यूऑन येण्याचा वेग कोनाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) वर्गाने उतरतो. प्रत्येक कोनाला निदान हजार जोड्या हव्यात, म्हणजे सरळ असताना एक दिवस, ६० अंशांना चार दिवस. घाई करू नका. यंत्र आडवं केल्यावरही जोड्या पुष्कळ येत असतील तर तुम्ही म्यूऑन मोजत नाही आहात.

तिसरी चाचणी या किनाऱ्याला विशेष शोभणारी. पृथ्वीचं चुंबकत्व धनभारित कणांना पूर्वेकडून अडवतं, पश्चिमेकडून सोडतं, आणि विषुववृत्ताजवळ हा फरक जास्त असतो. अंतराळातून येणारे कण मुख्यतः धनभारित आहेत हे १९३३ च्या सुमाराला याच फरकावरून कळलं. डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत यंत्र खळ्यात किंवा उघड्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवा. ४५ अंशांवर चार दिवस पूर्वेकडे, चार दिवस पश्चिमेकडे, मग पुन्हा तसंच. समुद्राकडून काही टक्के जास्त म्यूऑन आले पाहिजेत. घरात ही चाचणी करू नका. एका बाजूला चिऱ्याची भिंत आणि दुसरीकडे खिडकी असली की भिंतीचाच फरक मोजला जातो.

वर्षभराची नोंद

यंत्र माजघरात ठेवा, पडवीत नको. पडवीत तापमानाची उडी मोठी आणि पागोळ्यांचे तुषार फुकटचे. यंत्र नंतर हलवायचं नाही, त्याच्यावर नवं कपाट ठेवायचं नाही, बाजूला तांदळाची पोती रचायची नाहीत.

दर मिनिटाला एक ओळ: वेळ, वरच्या नळीचे ठोके, खालच्या नळीचे ठोके, जोड्या, मुका चॅनेल, मुक्याबरोबर आलेल्या जोड्या, दाब, आतलं-बाहेरचं तापमान, आर्द्रता, आणि त्या मिनिटात यंत्र किती सेकंद जागं होतं. हा शेवटचा रकाना लोक विसरतात. मे आणि ऑक्टोबरच्या वळवात वीज जाते ती बहुतेक दुपारनंतर. ते तास मोजणीत रिकामे राहिले आणि तुम्ही नुसत्या जोड्या बेरजेत धरल्या, तर दुपारनंतर म्यूऑन कमी येतात असा शोध लागतो. प्रत्येक कप्प्यातल्या जोड्यांना जागेपणाच्या सेकंदांनी भागा, मग हा दोष राहत नाही. विजा जवळ कडाडत असतील तर चार्जर भिंतीतून काढून यंत्र बॅटरीवर चालू द्या.

वेळ एकच ठेवा, भारतीय प्रमाणवेळ, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या जोसेफ वेबर या भौतिकशास्त्रज्ञाने दुसऱ्या गटाच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळवल्या आणि त्याला एकत्र वाजलेले ठोके सापडलेही. नंतर कळलं की दोन नोंदींच्या घड्याळांत चार तासांचा फरक होता. डीएस३२३१ वर्षाला मिनिटभर चुकतं, आपल्या कामाला ते पुरेसं आहे, पण त्याची नाण्यासारखी बॅटरी पावसाळ्याआधी बदला.

सगळ्या चाचण्या संपल्या की सुरुवात करा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला थांबा. वर्षाहून कमी चालणार नाही. सूर्याचं आणि ताऱ्यांचं घड्याळ एका महिन्यात दोनच तासांनी वेगळं होतं, दोघं एकमेकांत मिसळून राहतात. सगळ्या बाजूंनी फिरून पुन्हा जागेवर यायला पूर्ण वर्ष लागतं.

पाऊस नवा कण नव्हे

इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली डामा गट सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांतून वर्षानुवर्षं एक वार्षिक लाट दाखवत आला आहे. पृथ्वीचा वेग सूर्याच्या आकाशगंगेतल्या वेगात सर्वाधिक मिळतो तो २ जूनच्या सुमाराला, आणि लाटेचा माथा त्याच सुमाराला येतो. म्हणून ती कृष्णद्रव्याची (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या पदार्थाची) खूण मानावी, असं त्यांचं म्हणणं. स्पेनमधल्या अनाइस आणि कोरियातल्या कोसाइन या तशाच स्फटिकांच्या प्रयोगांना ती लाट आढळली नाही. आता आपल्याकडची तारीख पाहा. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस पोचतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, मृग निघतो ७ जूनला. तुमच्या घरातल्या प्रत्येक आकड्याला जूनमध्ये वळण लागणारच आहे. म्हणून या यंत्राने वार्षिक लाट शोधू नका. शोधायची ती ताऱ्यांच्या दिवसाची लाट, आणि पावसाचे परिणाम आधी वजा करायचे.

पहिला परिणाम हवेच्या दाबाचा. वरची हवा जड झाली की म्यूऑन कमी पोचतात: दर हेक्टोपास्कलला साधारण ०.१ ते ०.२ टक्का. किनाऱ्यावर जानेवारी आणि जुलैच्या सरासरी दाबात आठ-दहा हेक्टोपास्कलचा फरक असतो, म्हणजे पावसाळ्यात एक-दीड टक्का जास्त म्यूऑन नुसत्या दाबामुळे. शिवाय उष्ण कटिबंधात दाबाची रोज दोनदा भरती-ओहोटी होते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. ती तुमच्या आलेखात १२ तासांची लाट म्हणून दिसते. रोजच्या जोड्या आणि रोजचा सरासरी दाब यांचा आलेख काढा, उतार मोजा, आणि त्या उताराने प्रत्येक तास सुधारा. उतार पुस्तकातून घेऊ नका, तुमच्या यंत्राचा तुम्ही काढा.

दुसरा परिणाम जमिनीतून निघणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूच्या वंशजांचा. जोराची सर आली की हवेतलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर जमिनीवर येतं आणि एकट्या नळ्यांचा वेग वर उडी घेतो. त्यांचं अर्धायुष्य २७ आणि २० मिनिटं, म्हणून सर थांबल्यावर तास-दोन तासांत वेग उतरतो. पहिल्या पावसाला हे पाहण्यासारखं असतं: कौलांवर सर वाजायला लागते आणि पडद्यावरचा नळीचा आकडा चढत जातो, जोड्यांचा मात्र तसाच राहतो. जोड्याही चढल्या तर १० मायक्रोसेकंदांची खिडकी तपासा.

हिशेब

वर्षाची फाइल उघडण्याआधी वहीत तारीख घालून लिहा: कुठल्या ओळी वगळणार, किती कप्पे पाडणार, किती मोठी लाट दिसली तर 'काहीतरी आहे' म्हणणार. आकडे पाहून नियम ठरवले तर हवी ती लाट निघते. शक्य असेल तर शेजारच्या शिक्षकाला किंवा मित्राला फाइलची प्रत द्या, आणि त्याने तीत ताऱ्यांच्या दिवसाची १ टक्क्याची खोटी लाट मिसळावी, किंवा मिसळू नये, आणि काय केलं ते पाकिटात बंद करावं. गुरुत्वीय लहरींच्या लायगो प्रयोगात २०१० साली अशी खोटी खूण गुपचूप घातली होती, पाकीट उघडलं तोवर शोधनिबंधही लिहून तयार होता. तुमच्या पद्धतीने ती १ टक्क्याची लाट पकडली नाही, तर खऱ्या फाइलला हात लावू नका.

आता दिवसाचे २४ कप्पे. प्रत्येक ओळीची वेळ सेकंदांत घ्या, ८६१६४ ने (ताऱ्यांच्या दिवसाच्या सेकंदांनी) भागा, बाकी काढा, बाकीवरून कप्पा ठरवा. कप्प्यातला वेग भागिले सरासरी वेग, गुणिले (१५ अंश गुणिले कप्पा क्रमांक) ची कोज्या. चोवीसांची बेरीज, भागिले १२. तसंच ज्येने (साइनने). दोन आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे लाटेची उंची. हे सगळं साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं.

हेच आणखी तीन आवर्तनांनी करा. ८६४०० सेकंदांनी सूर्याची लाट निघेल, ती असणारच. ८९४२८ सेकंदांनी चंद्राची. तिथे उधाण असो वा भांग, काही निघता कामा नये. आणि ८६६३६ सेकंद, म्हणजे २४ तास ३ मिनिटं ५६ सेकंद. या आवर्तनाने आकाशात काहीच फिरत नाही, आणि म्हणूनच ते हवं. पावसाळ्यात सूर्याची रोजची लाट लहान आणि उन्हाळ्यात मोठी झाली, तर तिची सावली ताऱ्यांच्या आवर्तनावर पडते आणि तेवढीच या उलट्या आवर्तनावरही पडते. दोन्हीकडे सारखी लाट दिसली तर ती मोसमाची. फक्त ताऱ्यांकडे दिसली तरच पुढचं बोलायचं.

किती मोठी लाट खरी मानायची? मिनिटाला एक धरला तर वर्षात ५,२५,६०० जोड्या. लाट मुळात नसतानाही योगायोगाने निदान तेवढी उंची निघण्याची शक्यता म्हणजे ई चा उणे घात, घातांक जोड्या गुणिले उंचीचा वर्ग भागिले ४. पाच टक्के शक्यतेसाठी उंची ०.४८ टक्के येते, एक टक्क्यासाठी ०.५९. चार आवर्तनं तपासलीत, म्हणजे योगायोगाला चार संधी दिल्यात. एक टक्का मागत असाल तर प्रत्येक आवर्तनाकडे पाव टक्का मागा, उंची ०.६८. सिग्नस एक्स-३ च्या ४.८ तासांचेही असेच कप्पे पाडून पाहायचे असतील तर ती पाचवी संधी, आणि तीही आधी वहीत लिहिलेली हवी. हंस तारकासमूह आपल्या डोक्यावरून २३-२५ अंश उत्तरेला जातो, नळ्या उत्तर-दक्षिण ठेवल्या असतील तर तो तुमच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येतो.

वैश्विक किरणांची, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या कणांची, दिशेनुसार ज्ञात विषमता ०.१ टक्क्याच्या आसपास, म्हणजे दोनच नळ्यांच्या यंत्राला ती दिसणार नाही. वर-खाली चार-चार नळ्यांचे ट्रे केले तर जोड्यांचा वेग दहापटीवर जातो आणि तुमची मर्यादा तिपटीहून खाली येते. प्रत्येक नळीला स्वतःचा ५.१ मेगओहम मात्र हवाच, एकाच रोधकावर चार नळ्या टांगल्या तर एक वाजली की बाकी तिघी मुक्या होतात.

ताऱ्यांच्या आवर्तनावर ०.६८ च्या वर काही आलं, तर आधी सगळे कनेक्टर काढून पुन्हा बसवा आणि आणखी एक वर्ष चालवा. २०११ साली ऑपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले, त्यामागे नीट न बसलेली एक ऑप्टिकल फायबर केबल हे मुख्य कारण निघालं. दुसरं यंत्र दुसऱ्या गावात, वेगळ्या वीजवाहिनीवर, वेगळ्या माणसाच्या हातात असेल तर उत्तम. आणि काही आलं नाही, तर निकाल असा लिहा: ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, नळ्यांची मांडणी, सुरुवात-शेवटची तारीख, जागे तास, एकूण जोड्या, मुक्या चॅनेलने वगळलेल्या जोड्या, दाबाचा उतार, चारही आवर्तनांच्या उंच्या, आणि त्या जोड्यांवरून बसणारी तुमची मर्यादा. मिनिटागणिक मूळ फाइल, न सुधारलेली, दोन ठिकाणी जपा. दाबाची सुधारणा पुढे कुणी जास्त चांगली केली तर त्याला तीच लागेल.